प्रार्थनेत काहीच वाटत नाही, आणि दादाच्या दुखण्याला सगळे "देवाची योजना" म्हणतात

ओसाड_अंगण

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतीये, आज लिहायचं धाडस करतीये. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं घर ख्रिस्ती. संडे स्कूल, कॉयर, सगळं केलंय आणि मनापासून केलंय, कुणी बळजबरीने बसवलं म्हणून नाही. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना माहिती असेल की सुया आणि थकवा एकीकडे आणि पाणी एकीकडे. त्याला पाणी मोजून असतं. जास्त प्यायला की ते अंगातच साठतं, पाय सुजतात, धाप लागते. सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि गोळ्या, चहा, सगळं त्या हिशोबात बसवायचं. रात्री तो बर्फाचा खडा गालात धरून बसतो. चावत नाही, चावला की लवकर संपतो.

मध्यंतरी उपासनेत पाळकांनी योहानाचा सातवा अध्याय घेतला, कोणी तान्हेला असला तर त्याने माझ्याकडे यावे व प्यावे. दादा माझ्या कानात पुटपुटला, "डॉक्टरांना विचारून कळवतो म्हणावं." मला तिथे हसू फुटलं आणि घरी येऊन दार लावून रडले.

प्रश्न खरं तर दोन आहेत पण ते एकमेकांत अडकलेत. एक म्हणजे मला प्रार्थनेत आता काहीच वाटत नाही. राग पण नाही, रागावले असते तरी बरं झालं असतं. शब्द म्हणते, आमेन म्हणते, उठते. तरी सोडवत पण नाही, दिवसभर आत काहीतरी मागत असतं, काय मागतंय ते कळत नाही. म्हणजे माझा विश्वास गेलाय का? दुसरं म्हणजे येणारा जाणारा प्रत्येक जण सांगतो की यामागे देवाची काहीतरी योजना आहे, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो वगैरे. दादा ऐकून घेतो. मला मात्र आता चहाचा कप फेकून मारावासा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाला खरंच काही अर्थ सांगितलाय का, की आपण वेळ मारून नेतो?

प्लीज नुसती वचनं पाठवू नका. माझी पाठ आहेत.

जुनी_वही

कप फेकू नकोस, पण वाटणं साहजिक आहे ग. आणि तुझ्या बाजूने शास्त्रातच एक अख्खं पुस्तक आहे.

निर्दोष असून मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी धड केलं असं माझं मत आहे. नंतर तोंड उघडलं आणि पुढची तीसेक प्रकरणं हेच, की देव न्यायी आहे, उगीच कुणाला त्रास देत नाही, तूच काहीतरी केलं असशील, नाहीतर हा तुला शिकवण्यासाठी आहे. ऐकायला अगदी धार्मिक वाटतं, उपदेशात वापरलं तर कुणाला कळणारही नाही. आणि ईयोब काय करतो तर भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात उभं करायची भाषा करतो. शेवटी देव त्या मित्रांतल्या अलीफजाला काय म्हणतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तू आणि तुझे मित्र बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवरच देव चिडलाय तिथे! आणि अजून एक, पहिल्या दोन अध्यायांत वर स्वर्गात देवाचा आणि सैतानाचा जो संवाद झाला तो वाचकाला माहितीये, ईयोबाला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. म्हणजे "का" याचं उत्तर त्याला मिळतच नाही. देव समोर येतो, बोलतो, पण कारण देत नाही.

येशूसुद्धा हा हिशोब मांडायला नकार देतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, नाही म्हणतो. जन्मांधाच्या बाबतीत शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तिथेही नाही. आता तिथे पुढे तो म्हणतो की देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून, ते वाक्य मला आजही जड जातं, खोटं कशाला बोलू.

आणि "योजना"वाले हमखास यिर्मया २९ आणतात, तुमच्या हिताच्या योजना मला माहीत आहेत असं देव म्हणतो ते. ते पत्र बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना आहे आणि त्यात सत्तर वर्षं लागतील असं सांगितलंय, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचसे ते बघायला उरणार नव्हते. दिलाशाच्या कार्डावर ते सत्तर कुणी छापत नाही.

विजयी_जीवन

सिस्टर, प्रेज द लॉर्ड 🙏 शंका हे शत्रूचं हत्यार आहे. त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य प्राप्त झालं आहे, यशया ५३. भावाच्या किडनीवर विश्वासाने दावा करा, उपवास धरा, कोरडेपणा जाईल. कुठेतरी विश्वासात कमतरता असते तेव्हाच उत्तर अडतं. साक्ष द्यायला परत याल.

जुनी_वही

@विजयी_जीवन भाऊ, ती म्हणाली वचनं पाठवू नका. प्रेषित पौलाने देवाला शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच ऐकायला मिळालं. पौलाच्या विश्वासात कमतरता होती का? पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्याला टळू दे म्हणणाऱ्या येशूच्या? आजारी माणसाला आजार आहेच, त्यावर "तुझा विश्वास कमी" हे अजून एक ओझं कशाला.

मशीनवाला

मी डायलिसिस टेक्निशियन आहे म्हणून थांबलो या धाग्यावर, देवाधर्माचं मला फार कळत नाही. आधी कामाचं बोलतो. मीठ कमी केलं की तहान कमी होते, हे लोक ऐकत नाहीत, पाण्यावर लक्ष ठेवतात आणि लोणचं पापड चालू. पाकिटातले पदार्थ, सॉस वगैरेत पण मीठ असतं. तोंड कोरडं पडलं तर पाण्याने चूळ भरून थुंकायची, छोट्या कपातून प्यायचं, बर्फ चालतो पण तोही पाण्यातच धरायचा. शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये पाहिजे, वाढली की तहान वाढते. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतंय ते रोज लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

आता दुसरं. चार तास माणूस खुर्चीत अडकलेला असतो तेव्हा बोलतो. सगळ्या धर्माचे येतात आणि "मीच का" सगळेच कधी ना कधी विचारतात. मी बघितलंय की ज्याला कुणी कारण समजावून सांगतं त्याचा चेहरा बंद होतो. आणि पेशंटची ती तहान कशी असते ते बाहेरच्याला कळत नाही, जीभ टाळूला चिकटते, बोलताना आवाज बदलतो, शेजारच्या खुर्चीवर कुणी बाटली उघडली की यांची मान तिकडे वळते, ते थांबवता येत नाही.

आजी गुड फ्रायडेला येशूचे क्रूसावरचे ते सात शब्द वाचायची, त्यात एक "मला तहान लागली आहे" असा आहे. लहानपणी मला तो सगळ्यात साधा वाटायचा, बाकीचे कसे क्षमा, स्वर्ग, आत्मा, आणि मधेच हा तहान. या धंद्यात आल्यावर वेगळं वाटतं. रक्त गेलेल्या माणसाला तहान लागतेच, ते शरीर आहे. वरती टांगलेला माणूस मरता मरता पाणी मागतो आणि त्याला काठीवर स्पंज लावून आंब (आंबट द्राक्षारस) देतात. त्याचा अर्थ काय ते पाळकांना विचारा, पण दादाला सांगा की ते दृश्य मला खरं वाटतं.

तर्कट

मी नास्तिक आहे, आधीच सांगतो, भांडायला आलो नाहीये. ताई, तुमच्या दादाबद्दल मनापासून वाईट वाटतं.

पण मला ख्रिस्ती विचारातली ही एक गोष्ट खटकते की दुःखाला पवित्र केलं की ते कमी करायची घाई राहत नाही. "आपला क्रूस उचला" हे वाक्य मार खाणाऱ्या बायकांना ऐकवलं गेलंय, गुलामांना "धन्याच्या आज्ञेत राहा" म्हणून शास्त्र वाचून दाखवलं गेलंय. मदर तेरेसांवर पण ही टीका झालीच आहे की वेदनेचं कौतुक जास्त आणि वेदनाशामक कमी. दुःखाला अर्थ आहे म्हणणं सोपं असतं जेव्हा ते दुसऱ्याचं असतं. दादाची किडनी निकामी होण्यामागे जीवशास्त्र आहे, त्यात संदेश शोधायची गरज काय? आणि सर्वशक्तिमान असून थांबवत नसेल तर योजना म्हणा की काही म्हणा, जबाबदारी त्याचीच ना.

रात्रपाळी

@तर्कट तुझं पहिलं म्हणणं मान्य आहे, अगदी मान्य. येशूने क्रूस उचला म्हटलं तेव्हा तो शिष्यांना स्वतःच्या मागे यायला बोलवत होता, नवऱ्याच्या लाथा खायला नाही. आणि सुवार्ता उघडून बघ, दुखणं घेऊन आलेल्या एकालाही तो "हे तुझ्या भल्यासाठी आहे, सहन कर" म्हणत नाही. सरळ बरं करतो, शब्बाथाला (विश्रांतीच्या दिवशी) करतो, भांडण ओढवून घेऊन करतो. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या थडग्यापाशी तर रडतो. दुःख चांगलं आहे असं त्याच्या वागण्यातून कुठेच दिसत नाही. आमच्याकडे (मी कॅथलिक) दुःख ख्रिस्ताच्या दुःखाबरोबर अर्पण करायची शिकवण आहे, बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रातल्या एका ओळीवर ती उभी आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये याच विषयावर एक आख्खं पत्र लिहिलं. पण त्याच पत्रात चांगल्या शमरोन्याची गोष्ट घेतलीये, की जखमी दिसला तर थांबायचं, पट्टी बांधायची. अर्पण करायचं ते आपलं आपण. दुसऱ्याला "अर्पण कर" म्हणून सांगायला गेलं की तो ईयोबाचा मित्र झाला.

जबाबदारीचा जो प्रश्न तू विचारलास त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापासून मी जरा लांब राहतो. योर्गेन मोल्टमान नावाचा जर्मन धर्मपंडित होता, १९४३ मध्ये हांबुर्गवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा हा जेमतेम सतरा वर्षांचा होता, शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि हा वाचला. नंतर युद्धकैदी झाला, छावणीत कुणीतरी बायबल दिलं. घरात धर्म फारसा नव्हता. त्याला कशाने धरलं तर विलापाच्या स्तोत्रांनी आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" या ओरडण्याने. मोठा झाल्यावर त्याने मांडलं की देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत नाहीये, तो क्रूसावर आत आहे. सगळ्यांना हे पटत नाही हं, जुन्या मंडळीची (चर्चची) शिकवण अशी की देवाच्या स्वरूपाला दुःख शिवत नाही, सोसलं ते ख्रिस्ताच्या मनुष्यपणात. यावर अजून वाद चालतात. पण एका गोष्टीवर मंडळीतले लोक सुरुवातीपासून ठाम होते, की ते सोसणं खरं होतं. पहिल्या दुसऱ्या शतकात काही जण म्हणायचे ख्रिस्ताला फक्त दुखल्यासारखं दिसलं, देवाला कसली तहान. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस, जो स्वतः साखळदंडात रोमला मरायला नेला जात होता, तो लिहितो की त्याचं दुःख नुसता भास असेल तर मी हा बेड्यांत कशाला आहे. म्हणून @मशीनवाला तुम्ही जे म्हणालात ना "ते शरीर आहे", त्यासाठी लोक भांडलेत.

आता ताई, तुझा पहिला प्रश्न. प्रार्थनेत काही न वाटणं याला आमच्याकडे खूप जुना इतिहास आहे आणि तो इतिहास विश्वास गेलेल्या माणसांचा नाहीये. क्रूसाचे संत योहान या स्पॅनिश संन्याशाला त्यांच्याच संघातल्या लोकांनी डिसेंबर १५७७ मध्ये पकडून तोलेदोमध्ये एका कोंदट खोलीत डांबलं, ते पुढच्या ऑगस्टमध्ये निसटले. आत्म्याच्या काळोख्या रात्रीवर त्यांनी लिहिलं आणि खरी "रात्र" कशी ओळखायची याच्या तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टीत गोडी नाही पण इतर कशातही नाही. मन सारखं देवाकडे लागलेलं, आपलं काहीतरी चुकतंय म्हणून कासावीस. आणि पूर्वीसारखं मनन करायला बसलं तर जमतच नाही. तू लिहिलंयस "सोडवत पण नाही, दिवसभर आत काहीतरी मागत असतं", ते वाचून मला हेच आठवलं. ज्याची तहानच मेली त्याला चैन पडते, तुला पडत नाहीये.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जग हादरलं. काम सुरू झालं साधारण तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार, देव जाणवत नाही, आणि बाई पहाटे उठून प्रार्थनेला बसतायत. पत्रं नष्ट करा म्हणून त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या प्रत्येक घरातल्या चॅपलमध्ये क्रूसाशेजारी तेच शब्द लिहिलेले असतात, "मला तहान लागली आहे". लिझ्यूची तेरेसा ही फ्रेंच नन चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, शेवटचं दीड वर्ष स्वर्ग आहे की नाही हेच तिला दिसेना. तिने काय केलं तर म्हणाली मी आता अविश्वासी लोकांच्या पंगतीला बसलीये आणि त्यांचीच भाकर खातीये, उठायची घाई नाही. (तर्कट, बघ, तुझ्या शेजारी एक संत बसलीये.)

पण एक सांगतो आणि हे महत्त्वाचं आहे. झोप, भूक, रडू, कशातच रस नसणं, हे सगळं असेल तर डॉक्टरला दाखव. घरात मोठं आजारपण असलं की सांभाळणाऱ्याला डिप्रेशन येतं, त्याला आध्यात्मिक नाव देऊन बसू नकोस. स्वतः योहानसुद्धा ही गल्लत होऊ शकते असं सांगतात, त्यांच्या काळात त्याला मेलँकोली म्हणायचे. दोन्ही एकत्र पण असू शकतं.

ओसाड_अंगण

एवढं सगळं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @मशीनवाला तुमचं दादाला वाचून दाखवलं. लोणच्याचं ऐकून गप्प झाला कारण चोरून खातो 😐 स्पंजाचं ऐकून म्हणाला "आंब कशाला दिली, अजून तहान लागली असेल." मग बराच वेळ त्याच्यावरच बोलत होता.

@रात्रपाळी झोप नाहीये नीट. दाखवते.

@तर्कट तुमचा राग आला नाही, उलट बरं वाटलं की कुणीतरी किडनीला किडनी म्हणालं.

पण मला अजून एक कळत नाहीये. मदर तेरेसा वगैरे ठीक आहे, त्या संत. मी रोज बसून कोरडे शब्द म्हणते ते ढोंग नाही का? जे वाटत नाही ते म्हणायचं?

जुनी_वही

मग जे वाटतंय ते म्हण. स्तोत्रसंहितेत एक तृतीयांशाच्या आसपास विलाप आहे, आपण रविवारी फक्त आनंदाचे भाग काढून वाचतो म्हणून विसरलोय. स्तोत्र ८८ काढ. बाकीचे विलाप शेवटी कुठेतरी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे, हे वळत नाही. तक्रार, तक्रार, मित्र दूर केलेस, आणि अंधारावर संपतं. आणि ते कुणीतरी जपून ठेवलं, उपासनेत म्हणायला ठेवलं. ते म्हणायला काहीही जाणवायची अट नाही.

पंडिता रमाबाईंचं बघ. आईवडील उपासमारीत गेले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा, आणि शेवटी १९२१ मध्ये मुलगी मनोरमासुद्धा आईच्या आधी. बाप्तिस्मा १८८३ चा. आणि त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. शिकलेली, शास्त्र कोळून प्यालेली बाई हे उघड लिहिते. त्या मधल्या वर्षांत त्यांनी शारदा सदन काढलं, कामं केली. त्याला ढोंग म्हणशील का?

आणि स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याच्या जिवावर राहा काही दिवस. मार्क २ मध्ये चौघं जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दी म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. येशू "त्यांचा विश्वास पाहून" त्याच्याशी बोलला असं लिहिलंय. खाटेवरचा काय मानत होता ते मार्क सांगतच नाही, त्याला कुणी विचारलंही नाही.

तर्कट

छप्पर ज्याचं फोडलं त्याचं काय झालं ते पण मार्क सांगत नाही 😄

ताई, दादाचं ट्रान्सप्लांटचं काही चालू आहे का? यादीत नाव आहे? कागदपत्रांचं काही अडलं असेल तर सांगा, माझ्या ओळखीत एकांनी या सगळ्यातून नुकतंच केलंय, त्यांना विचारून देतो.

ओसाड_अंगण

नाव आहे यादीत. आईची टेस्ट पण चालू आहे. मेसेज करते तुम्हाला.

@जुनी_वही ८८ वाचलं. खरंच वळत नाही. दादाला दाखवू का, की त्याला अजून खचायला होईल?

मशीनवाला

त्यालाच विचारा. आजारी माणसाला काय झेपेल ते घरचे परस्पर ठरवतात, त्याचाच राग जास्त असतो त्यांना. आणि डायलिसिसच्या दिवशी नको, त्या दिवशी डोकं दुखतं, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा.